गरोदरपणातल्या मळमळ-उलट्या: उशाजवळच्या डब्यापासून डॉक्टरांच्या गोळीपर्यंत

दिवस गेल्याची बातमी घरात कळते आणि पाठोपाठ बाई बेसिनपाशी वाकलेली दिसू लागते. मग सगळीकडून सुरू होतं: 'होतंच गं सगळ्यांना', 'तिसरा सरला की आपोआप थांबेल', 'आमच्या वेळी कुठे होती औषधं?' यातलं पहिलं बरंचसं खरं आहे, दुसरंही पुष्कळ जणींच्या बाबतीत खरं ठरतं. तरी या वाक्यांनी नुकसानच जास्त होतं. ती ऐकून बाई गप्प बसते, आणि जे सुरुवातीच्या आठवड्यात साध्या उपायांनी नाहीतर एका गोळीने आटोक्यात आलं असतं, ते सलाईनपर्यंत जातं. मळमळ सहन करून दाखवल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही. म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचं, ते इथे सविस्तर सांगते.

हे होतं कशामुळे, आणि किती दिवस

दहा गरोदर बायकांपैकी सात-आठ जणींना मळमळ होते. सुरुवात बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांनी. आठव्या ते दहाव्या आठवड्यात जोर सर्वांत जास्त असतो, आणि सोळा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बहुतेकींना आराम पडतो. दहातल्या एखादीला त्यानंतरही त्रास राहतो. सकाळी जास्त होतं हे खरं, पण संध्याकाळी पाच वाजता पोटात ढवळायला लागणाऱ्या आणि रात्री जेवणाचं ताट समोर आलं की उठून जाणाऱ्याही कमी नाहीत.

पूर्वी सगळा दोष एचसीजी या संप्रेरकावर जायचा. जुळी असली की ते वाढतं आणि उलट्याही वाढतात, म्हणून तसं वाटायचं. डिसेंबर २०२३मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे स्टीफन ओ'राहिली, अमेरिकेतल्या मार्लेना फेझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जे संशोधन मांडलं, त्याने चित्र बरंच स्पष्ट झालं. गर्भ आणि वार मिळून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक तयार करतात. ते आईच्या रक्तातून मेंदूच्या तळाशी जाऊन ओकारीची यंत्रणा चाळवतं. गरोदर होण्यापूर्वी ज्या बाईच्या रक्तात ते कमी असतं, तिला या अचानक वाढीचा त्रास जास्त होतो. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारामुळे ज्यांच्या रक्तात ते कायम चढलेलं असतं, त्यांना मळमळ क्वचितच होते. म्हणजे 'सगळं मनाचं आहे', 'कामाचा कंटाळा' वगैरे जे बोललं जातं त्याला काही आधार नाही. ज्यांना एरवी गाडी लागते किंवा अर्धशिशी आहे, त्यांना हा त्रास जास्त होण्याचा संभव असतो, आणि घराण्यातही तो चालत येतो. तुमच्या आईला विचारून बघा.

मळमळ अजिबात नाही म्हणून घाबरलेल्याही खूप भेटतात. तिचं नसणं म्हणजे काही बिघडलंय असं नाही. आणि उलट्यांवरून मुलगा-मुलगी ओळखणाऱ्या शेजारणींकडे सरळ दुर्लक्ष करा.

पहिली पायरी: रात्री झोपतानाच तयारी

सकाळच्या त्रासाचं मूळ आदल्या रात्रीत असतं. रात्री आठला जेवलात आणि सकाळी सातला चहा घेतला, तर मध्ये अकरा तास पोट रिकामं. रिकामं पोट हा मळमळीचा सगळ्यात मोठा साथीदार. म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी प्रथिनं असलेलं थोडं पोटात जाऊ द्या: अर्धा कप दूध, सोसत नसेल तर मूठभर फुटाणे, पनीरचे चार तुकडे, एखादं उकडलेलं अंडं.

आणि उशाजवळ एक घट्ट झाकणाचा डबा. त्यात साळीच्या किंवा ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे, साधा टोस्ट, मारीची बिस्किटं यांपैकी जे चालेल ते. तव्यावर खडखडीत भाजलेली भाकरी मोडून ठेवली तर तीही उत्तम. खारी नको, ती तुपकट असते. डबा स्वयंपाकघरात ठेवून उपयोग नाही, कारण स्वयंपाकघरापर्यंत चालत जाणं हेच तर टाळायचंय. रात्री लघवीला उठाल तेव्हाही दोन घास खा.

दुसरी पायरी: डोळे उघडल्यावरचा अर्धा तास

गजर झाला की उठून बसू नका. पडल्या पडल्या, फार तर उशी थोडी उंच करून, डब्यातलं कोरडं हळूहळू चावा. पाणी लगेच नको. पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहा, मग कुशीवर वळून बसा, आणि त्यानंतर पाय खाली सोडा. मुलाचा डबा, नळाचं पाणी, नवऱ्याची लोकल या सगळ्यात हा अर्धा तास मिळवणं कठीण आहे हे मला ठाऊक आहे. पण गजर अर्धा तास आधीचा लावून पडून राहण्याने जेवढा फरक पडतो तेवढा इतर कशाने पडत नाही. आणि नळाचं पाणी भरायला घरात दुसऱ्या कुणाला हात आहेतच की.

दात घासताना बऱ्याच जणींना उमासा येतो. लहान मुलांचा छोटा ब्रश घ्या, पेस्ट मटाराएवढी आणि झणझणीत पुदिन्याची नको. मागच्या दाढा आणि जीभ घासणं दुपारवर ढकललं तरी चालेल. उलटी झाल्यावर मात्र लगेच दात घासू नका. पोटातल्या आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला की ते झिजतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून खळखळून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. गावाकडे मळमळ दाबायला, नाहीतर सवयीने, मिश्री लावणाऱ्या गरोदर बायका आजही आहेत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते आणि बाळाचं वजन खाते. ती सोडण्यासाठी मदत लागली तर आशाताईला किंवा डॉक्टरांना न लाजता सांगा.

तिसरी पायरी: दर दीड-दोन तासांनी थोडं

तीन वेळा ताट भरून जेवणं काही आठवडे विसरा. मुठीत मावेल एवढंच, पण दर दीड-दोन तासांनी. भूक लागायची वाट पाहिली की उशीर झाला असं समजा.

काय खायचं याबाबत मी फार कडक नाही. या काळात जे टिकेल ते योग्य अन्न. 'चौरस आहार' या शब्दाने पहिल्या तिमाहीत जेवढ्या बायकांना रडवलंय तेवढं क्वचितच कशाने रडवलं असेल. बाळ अजून अंगठ्याएवढंसुद्धा नसतं, त्याची गरज फार थोडी असते. दोन आठवडे नुसत्या दहीभातावर गेले तरी आकाश कोसळत नाही.

सहसा टिकतं ते असं: मऊ भात आणि मेतकूट, थंड दहीभात, मुगाचं पातळ कढण, नाचणीची आंबील, लाह्यांचं पीठ ताकात कालवून. कोकणात आणि गोव्यात पेज आहेच, वर लोणच्याची फोड. त्या खारट-आंबट चवीनेच कधी कधी घास आत जातो. उकडलेला बटाटा मीठ लावून खाल्ला तर आश्चर्य वाटेल इतका शांतपणे पोटात राहतो. थंड पदार्थांना गरम पदार्थांपेक्षा वास कमी, म्हणून तेही सोपे पडतात. तळलेलं आणि तुपकट मात्र पोटात रेंगाळतं, वडा खाऊन तासाभराने त्याची आठवण येते ती याच कारणाने.

उपास या दिवसांत बाजूला ठेवा. हरतालिकेचा निर्जळी तर नकोच. संकष्टीला दिवसभर चहावर राहून रात्री साबुदाण्याची खिचडी, म्हणजे आधी रिकामं पोट आणि मग तूप-शेंगदाणे. मळमळीला याहून सोयीचा दिवस नाही. देव समजून घेईल, सासूबाईंना समजवायला डॉक्टरांचा दाखला लागला तर तोही मिळेल.

माती, पाटीवरची पेन्सिल, चुना, कच्चे तांदूळ खावेसे वाटले तर डोहाळे म्हणून पुरवत बसू नका. त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

चौथी पायरी: पाणी जेवणापासून वेगळं

घासाबरोबर पाणी प्यायलं की पोट गच्च होतं आणि सगळं वर येतं. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून प्या, आणि प्या म्हणजे घोट घोट. ग्लास तोंडाला लावण्याऐवजी बाटली जवळ ठेवून दर दहा मिनिटांनी दोन घोट. तेही राहत नसेल तर चमच्याने, किंवा बर्फाचा खडा चघळून. साधं पाणी नकोसं झालं तर त्यात लिंबू पिळा, आमसूल भिजवा, कोकम सरबत मिठासकट करा. शहाळं, ताक, भाताची पेज हे सगळं पाण्याच्या हिशेबातच धरा.

ओआरएसचं पाकीट आणाल तर त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते पाहा. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं आणि २४ तासांत संपवायचं. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून पिऊ नका, मिठाचं प्रमाण बिघडतं.

लघवीचा रंग बघत राहा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, थोडी आणि उग्र वासाची होत असेल तर पाणी कमी पडतंय.

पाचवी पायरी: वास

खाण्यापेक्षा वासाने जास्त उलट्या होतात, आणि घरात कुणी या गोष्टीकडे लक्ष देत नाही. लसणाची फोडणी, कुकरची शिट्टी होताना डाळीची वाफ, उकळतं दूध, फ्रिज उघडल्यावर येणारा तो मिश्र वास, भिजलेलं फडकं, नवऱ्याचा डिओ. एका खोलीच्या घरात तर पळायलाही जागा नसते. आपली फोडणी थांबवली तरी शेजारच्यांची खिडकीतून येते.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. जमेल त्या घरात पहिले दोन-अडीच महिने फोडणी दुसऱ्या कुणी द्यावी, आणि ती देताना तुम्ही गॅलरीत किंवा जिन्यात जाऊन उभ्या राहा. वरण साधं, वरून कच्चं तेल-तिखट ज्याचं त्याने घ्यावं. सुकट, बोंबील, मटण यांचा बेत बाहेर. कचऱ्याचा डबा रात्रीच रिकामा करायचा. फ्रिज उघडणं हे तुमचं काम नाही. स्वयंपाक करणं भागच असेल तर पंखा पाठीमागून येईल असा लावा म्हणजे वाफ तोंडावर येत नाही, आणि काहीतरी खाऊनच ओट्यापाशी जा.

कापलेलं लिंबू किंवा किसलेलं आलं रुमालात बांधून जवळ ठेवा. नको असलेला वास आला की ते हुंगायचं. उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर यांनी वास लपत नाही, त्यात भरच पडते.

प्रवासालाही हेच लागू. पिशवीत दोन मजबूत प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओला रुमाल, पाणी, आवळा सुपारी. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसता येतं. पोट दिसत नसताना तिथे चढायला संकोच वाटतो, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलमध्ये ठेवा.

आलं आणि गोळ्यांची वेळ

घरगुती उपायांपैकी ज्याची नीट तपासणी होऊन उपयोग दिसला तो आल्याचा. दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ, म्हणजे अर्धा छोटा चमचा, तीन-चार वेळांत विभागून. आलेपाकाची वडी चघळा, सुंठ-गूळ घ्या, आल्याचं पाणी घ्या. मळमळ कमी होते, उलट्यांवर मात्र तेवढा परिणाम दिसत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी विचारा. जळजळ वाढली तर सोडून द्या.

मनगटावर आतल्या बाजूला, पहिल्या रेषेपासून आपली तीन बोटं आडवी ठेवून, दोन शिरांच्या मधली जागा दाबून धरायची पद्धत आहे. तिचे पुरावे संमिश्र आहेत, अपाय काही नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्याही करता येते.

फॉलिक अ‍ॅसिड बंद करू नका, पण सकाळी उपाशीपोटी घेण्याऐवजी रात्री काही खाऊन घ्या. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. पहिल्या तीन महिन्यांत ती बहुतेकींना लागतही नाही, सरकारी कार्यक्रमातही ती चौथ्या महिन्यापासून सुरू होते. कुणी लवकर दिली असेल आणि सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून पुढे ढकला.

औषधाची भीती

इतकं करूनही जेवण राहत नसेल, तर औषध. इथे अनेक जणी अडतात: 'बाळाला काही होणार नाही ना?' ही भीती हवेतून आलेली नाही. १९५७पासून पश्चिम जर्मनीत आणि मग इतर देशांत विकल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या मळमळीवरही दिल्या जाणाऱ्या औषधामुळे हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली, १९६१च्या अखेरीस ते मागे घ्यावं लागलं. पण त्या भीतीपोटी पुढे जे घडलं तेही ऐकण्यासारखं आहे. डॉक्सिलामाइन हे औषध आणि बी-६ जीवनसत्त्व यांची मळमळीवरची गोळी अमेरिकेत १९५६पासून होती. व्यंगाच्या आरोपांवरून खटल्यांचा इतका भडिमार झाला की कंपनीने १९८३मध्ये ती बाजारातून काढून घेतली. बाळांमधल्या व्यंगांचं प्रमाण त्याने घटलं नाही, उलट्यांसाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. २०१३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तेच मिश्रण पुन्हा मंजूर केलं. गरोदरपणात इतकी तपासली गेलेली औषधं फार थोडी आहेत.

आपल्याकडे हीच जोडगोळी सर्रास लिहून दिली जाते, बहुधा प्रत्येकी १० मिलिग्रॅमची. तिचा परिणाम उशिरा सुरू होतो, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची असते. सकाळी ढवळायला लागल्यावर घेऊन 'काही फरक नाही' म्हणणं बरोबर नाही. रोज नेमाने घेतली तर उपयोग. झोप येते, तेव्हा गाडी चालवताना जपा. काही ब्रँडमध्ये फॉलिक अ‍ॅसिडही घातलेलं असतं, म्हणून आधीच्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा.

पुढची पायरी म्हणून मेटोक्लोप्रामाइड, ओंडान्सेट्रॉन वगैरे आहेत. ओंडान्सेट्रॉन मेडिकलमध्ये मागितलं की मिळतं, म्हणून स्वतःहून आणू नका. पहिल्या तिमाहीत घेतल्यास टाळू-ओठ दुभंगण्याचं प्रमाण दहा हजार बाळांमागे साधारण तीनने वाढू शकतं असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. धोका अगदी लहान आहे, पण तो तोलायचा डॉक्टरांनी आणि तुम्ही मिळून. त्याने बद्धकोष्ठही होतं. छातीत जळजळ असेल तर तीही सांगा, ती आटोक्यात आली की मळमळही उतरते.

दवाखान्यात कधी जायचं

तीन गोष्टी रोज वहीत लिहा: दिवसातले किती तास मळमळ होती, किती उलट्या झाल्या, किती वेळा नुसतेच कोरडे उमासे आले. डॉक्टर तीव्रता याच तीन प्रश्नांवरून मोजतात. 'खूप होतंय हो' म्हटलं की 'होतंच' असं उत्तर मिळतं, वही दाखवली की मिळत नाही. आठवड्यातून एकदा वजन करा. गरोदरपणापूर्वी ५० किलो असाल आणि अडीच किलो गेलं असेल, म्हणजे पाच टक्के, तर हा साधा त्रास राहिला नाही. शंभरातल्या एक ते तीन जणींवर अशी वेळ येते.

पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी जा:

- २४ तासांत पाणीसुद्धा पोटात टिकलेलं नाही
- आठ तासांत लघवी नाही, किंवा अगदी गडद होते
- उभं राहिलं की चक्कर, छातीत धडधड
- उलटीत रक्त
- ताप, पोटात दुखणं, लघवीला जळजळ
- डोळे पिवळे, किंवा लघवी गर्द पिवळी

शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. तिथे गावठी औषध नको, सरळ मोठं रुग्णालय गाठा. उलट्या नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या असतील तर कारण वेगळं असू शकतं, थायरॉइड, मूत्रमार्गातला संसर्ग वगैरे तपासून घ्यावं लागतं. वीस आठवड्यांनंतर नव्याने उलट्या, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगडीखाली दुखणं, तर रक्तदाब ताबडतोब मोजून घ्या.

'एक सलाईन लावून टाका' म्हणत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाण्याची आपल्याला फार सवय. पण दोन-तीन आठवडे अन्न टिकलेलं नसेल तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं, आणि त्या अवस्थेत आधी ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. बी-१ म्हणजे थायमिन आधी द्यावं लागतं. किती दिवसांपासून पोटात काही राहत नाही, ते सलाईन लावण्यापूर्वी स्वतःहून सांगा.

नोकरी आणि पुढचं बाळंतपण

तिसऱ्या महिन्यापर्यंत कुणाला सांगायचं नाही ही रीत पाळायची असेल तर पाळा, पण ऑफिसमध्ये एका विश्वासाच्या माणसाला तरी सांगून ठेवा. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार, गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखला दिल्यावर नेहमीच्या रजेखेरीज एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. एचआरला हे बऱ्याचदा आठवत नाही, आठवण तुम्हालाच करून द्यावी लागते.

त्रास थांबल्यावर गोळी एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. कोणत्या गोळीने, कोणत्या मात्रेने आराम पडला ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्यांना एकदा तीव्र त्रास झाला त्यांना पुढच्या खेपेलाही तो होण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा निदान महिनाभर आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणातल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू करायच्या, आणि उलटीवरच्या औषधाचं पहिल्या उमाशाची वाट न पाहता बोलून ठेवायचं.